शेजारच्या आजींचं आडनाव

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईकडे न्यू जर्सीला महिनाभर राहून आले. जाताना बॅगेत नेहमीचंच सामान होतं. गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि भाचीसाठी खणाचं परकर-पोलकं. येताना मात्र एक अशी वस्तू घेऊन आले, की तिचं वजन भरलं नाही आणि कस्टमवाल्यांनीही तिला हरकत घेतली नाही. ती वस्तू म्हणजे एका आडनावाची गोष्ट. तुम्हां मैत्रिणींना ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

ताईच्या घराला लागूनच एक आजी राहतात. वय ब्याऐंशी, पण अंगणातलं गवत स्वतः कापतात. आडनाव मिलर. अमेरिकेत मिलर म्हणजे आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांसारखं, गल्लोगल्ली सापडणारं. मिलर म्हणजे गिरणीवाला, दळण दळून देणारा. त्यात शोधायचं ते काय, असं मलाही आधी वाटलं होतं.

पण झालं असं, की तीन वर्षांपूर्वी आजींच्या नातवाला शाळेत एक काम दिलं होतं. आपलं घराणं कोणत्या देशातून आलं ते लिहून आणायचं आणि त्या देशाचा झेंडा कागदावर रंगवायचा. मुलाने बापाला विचारलं. बाप म्हणाला, "आपण जर्मन. मिलर म्हणजे मूळचं म्युलर." मुलाने काळा-लाल-सोनेरी झेंडा रंगवला, शाबासकीही मिळाली. आजी मात्र तो झेंडा बघून गप्प बसल्या.

"मी या घरात १९६२ साली लग्न होऊन आले," आजी मला सांगत होत्या. "तेव्हा माझी आजेसासू जिवंत होती. सगळी मुलं तिला 'बाबा' म्हणून हाक मारायची. जर्मन माणसं आजीला बाबा म्हणत नाहीत गं! माझ्या माहेरच्या शेजारी जर्मन कुटुंब होतं, तिथे आजीला 'ओमा' म्हणायचे."

मला हसू आलं. आपल्याकडे बाबा म्हणजे वडील, आणि इथे बाबा म्हणजे आजी! ताईने ते आजींना समजावून सांगितलं, तेव्हा त्याही खूप हसल्या.

दुसरी खूण होती स्वयंपाकघरातली. नाताळच्या आदल्या रात्री आजेसासू एक पदार्थ करायची. यीस्ट घातलेल्या कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या भाजायच्या, त्यावर गरम पाणी ओतून त्या जरा मऊ करायच्या, आणि मग वाटलेली खसखस नि मध घालून कालवायच्या. त्याला ती 'बोबाल्की' म्हणायची. जेवणाआधी पातळ पापडासारख्या वड्या मधाबरोबर वाटायची आणि प्रत्येकाच्या कपाळावर मधाचा क्रूस काढायची. "मी नवी सून. मला वाटलं, सगळ्याच घरी असं असतं. मी कृती शिकून घेतली, पण हे कुठलं म्हणून कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मैत्रिणींनो, हे 'विचारायला हवं होतं' आपण सगळ्याच कधी ना कधी म्हणतो, नाही का? आपलंही तसंच असतं. सासरचं आडनाव लावतो, सासरच्या पद्धतीने पुरण वाटतो, देवाला नैवेद्य दाखवतो. पण हे आडनाव कुठून आलं, ही पद्धत कुठल्या गावची, ते विचारायचं राहून जातं. आणि ज्यांना ठाऊक असतं, ती माणसं एकेक करून निघून जातात.

तर आजींनी ठरवलं, की साठ वर्षं जे नाव आपण मिरवलं ते आहे तरी कुठलं, हे शोधायचंच. मुलगा म्हणाला, "आई, आता काय करायचंय?" यजमान तर नव्हतेच विचारायला. आजींनी नातवाकडून संगणक शिकून घेतला आणि कामाला लागल्या.

पहिल्याच पायरीवर त्यांना कळलं, की आडनाव काहीच सांगत नाही. दळण सगळ्याच देशांत दळतात, त्यामुळे दळणारेही सगळीकडेच. जर्मनीत म्युलर, हॉलंडमध्ये मोलेनार, हंगेरीत मोल्नार, स्लोव्हाकियात म्लिनार, पोलंडमध्ये म्विनाश, युक्रेनमध्ये मेल्निक, इटलीत मोलिनारी. यांतला कोणीही अमेरिकेत आला, की त्याच्या नावाचं भाषांतर एकच, मिलर! सात नद्यांचं पाणी एका घागरीत भरलं, तर त्यातलं कुठलं पाणी कुठल्या नदीचं, हे चव घेऊन कसं ओळखायचं?

नावांचं असं भाषांतर करणारे काही गरीबच होते असं नाही. आपल्या देशाचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन आठवतात ना? त्यांच्या घराण्याचं मूळ नाव बॅटनबर्ग, जर्मन. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन नावांचा राग राग होऊ लागला, तेव्हा १९१७ साली त्यांच्या वडिलांनी 'बर्ग'चं 'माउंट' केलं आणि ते पुढे आणून बसवलं. दोन्हींचा अर्थ डोंगरच. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजघराण्यानेही आपलं जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतलं. अमेरिकेतही त्या काळात कित्येक श्मिट स्मिथ झाले आणि म्युलर मिलर झाले. तेव्हा आजींच्या मुलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण 'असू शकेल' आणि 'आहे' यांत फरक आहे, असं आजींचं म्हणणं.

यंदा माझ्या भाचीला शाळेत तेच काम मिळालं होतं. तिचं दुखणं निराळंच होतं. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे. आपल्याला ते गोड वाटतं, पण तिथल्या बाईंची जीभ त्यावर रोज अडखळते. वर्गात हजेरी घेताना तिच्या नावाशी आलं, की बाई जरा थांबतात, मग सगळी मुलं वळून बघतात. अकरा वर्षांच्या मुलीला ते किती लागत असेल! तिने वहीवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठेवून एक सुटसुटीत इंग्रजी नाव लिहायला सुरुवात केली होती. ताईला ते कळलं आणि दोघींत चार दिवस धुसफूस चालली होती. आजींच्या कानावर ते गेलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी हिला माझ्याबरोबर एलिस बेटावर पाठवा. तुम्हीही चला."

एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातलं, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याजवळचं बेट. १८९२ ते १९५४ या काळात तिथे परदेशातून येणाऱ्यांची तपासणी व्हायची. सुमारे एक कोटी वीस लाख माणसं या बेटावरून अमेरिकेत शिरली. १९९० पासून तिथे संग्रहालय आहे.

आम्ही जर्सी सिटीहून बोटीने गेलो. धक्क्याशेजारी रेल्वेचं जुनं मोठं स्टेशन आहे. आता तिथून गाड्या सुटत नाहीत. पण एके काळी बेटावरून सुटलेली माणसं याच स्टेशनात येऊन पुढे पेन्सिल्व्हेनियाच्या खाणींकडे नि कारखान्यांकडे जायची. आजींचे आजेसासरे असेच गेले असावेत. बोटीत वारा इतका होता, की ताईची ओढणी उडून एका गृहस्थांच्या तोंडावर बसली. भाची मात्र फुगून कोपऱ्यात बसली होती.

बेटावरची इमारत लाल विटांची, चार घुमटांची, आपल्या एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यासारखी ऐटदार. ही १९०० साली उघडली. आधीची लाकडी होती, ती १८९७ मध्ये जळाली आणि तिच्याबरोबर कितीतरी जुनी दप्तरंही गेली. आत शिरताच खाली सामान ठेवायची मोठी खोली. बोचकी, वेताच्या पेट्या, ट्रंका रचून ठेवल्या आहेत. तिथून जिना चढून वर गेलं, की नोंदणीचा भलामोठा दिवाणखाना, उंच कमानीचं, फरश्यांचं छत. १७ एप्रिल १९०७ या एका दिवसात इथे ११,७४७ माणसं आली होती. आपल्याकडचं एखादं मोठं गाव एका दिवसात एका जिन्यावरून चढून आलं म्हणा ना!

या जिन्याचीही गंमत आहे. गंमत कसली, परीक्षाच. वर डॉक्टर उभे असायचे आणि माणसं चढताना कुणाला धाप लागते, कोण लंगडतं, ते बघायचे. संशय आला, की कोटावर खडूने खूण. हृदयासाठी एक अक्षर, डोळ्यांसाठी दुसरं, लंगड्यासाठी तिसरं. बाई गरोदर असली तर तिच्यासाठीही खडूची निराळी खूण होती. खुपऱ्या आहेत का बघायला बुटाची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटायचे. ऐकूनच माझ्या डोळ्याला पाणी आलं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी मात्र बोटीवरच उरकायची. हे सगळं खालच्या डेकवरून आलेल्या गरिबांसाठी.

एकटी आलेली बाई असली, तर नवरा किंवा नातेवाईक घ्यायला आल्याशिवाय तिला सोडत नसत. कुणाकुणाचं लग्न तिथेच लागायचं, मग सोडायचे. शंभरांत दोघांना परत पाठवलं जाई. शंभरांत दोन म्हणजे थोडे वाटतात. पण ज्यांच्या घरातलं एक लेकरू परत गेलं असेल, त्या आईला विचारा.

आजी आम्हांला त्या दिवाणखान्यातल्या एका उंच मेजापाशी घेऊन गेल्या. असल्या मेजांमागे अधिकारी बसायचे. "आता ऐका," त्या भाचीला म्हणाल्या. "सगळ्या अमेरिकेत अशी समजूत आहे, की याच मेजावर नावं बदलली. आमच्या घरातही हेच सांगायचे. अधिकाऱ्याला नाव उच्चारता आलं नाही, त्याने मनाला येईल ते लिहिलं, आणि झाला मिलर! पण हे खोटं आहे."

मीसुद्धा एका सिनेमात तसंच पाहिलं होतं, त्यामुळे नवल वाटलं. पण खरी गोष्ट अशी, की इथे नावं लिहून घेतच नसत. नावांची यादी बोटीच्या कंपनीने बोट सुटतानाच युरोपात तयार केलेली असायची. तिच्या एका पानावर तीस ओळी. प्रत्येकाच्या कपड्यावर पान नंबर आणि ओळ नंबराची चिठ्ठी टाचलेली. अधिकाऱ्याने ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचे, नाव काय, वय काय, कुठून आलात, कुणाकडे जाणार, जवळ पैसे किती. उत्तरं यादीशी जुळली की झालं. शिवाय दुभाषे असायचे. फिओरेलो लागार्डिया नावाचा तरुण १९०७ ते १९१० या काळात इथे दुभाषा होता. तोच पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला, आणि त्याच्याच नावाचा विमानतळ आज तिथे आहे.

"मग नाव बदललं कुणी?" भाचीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"त्यांनी स्वतः," आजी म्हणाल्या. "हळूहळू. कुणाचं खाणीच्या हजेरीपटावर, कुणाचं दुकानाच्या पाटीवर, कुणाचं शाळेत. तुझ्यासारखंच."

भाची एकदम गोरीमोरी झाली. ताईने माझ्याकडे पाहिलं. आजी मात्र जसं काही बोललंच नाही अशा थाटात पुढे चालू लागल्या.

तिथल्याच एका बाकावर बसून त्यांनी पिशवीतून एक फाइल काढली. आपल्या रेशनकार्डाच्या फायलीसारखी जुनी, दोरीने बांधलेली. त्यात शोधाच्या सगळ्या पायऱ्या होत्या. त्या तुम्हांलाही कळाव्यात म्हणून क्रमाने सांगते.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते आणि ७२ वर्षांनी तिचे कागद सर्वांना बघायला खुले होतात. आजींनी नवीनकडून जुन्याकडे जायला सुरुवात केली. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला ठाऊक असलेल्यापासून निघायचं आणि एकेक पाऊल मागे टाकायचं. १९३० च्या कागदावर पेन्सिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या गावात आजेसासरे सापडले. आडनाव मिलर. जन्मदेश चेकोस्लोव्हाकिया. मातृभाषा स्लोव्हाक. अमेरिकेत आल्याचं साल १९०७. म्हणजे जर्मनी पहिल्याच फटक्यात बाद!

मग १९२० चा कागद पाहिला. तोच माणूस, तेच घर, तीच मुलं. पण जन्मदेश हंगेरी! आजी चक्रावल्या. माणूस एकदाच जन्मतो, मग त्याचे जन्मदेश दोन कसे?

याचं उत्तर भूगोलात नाही, इतिहासात आहे. आजचा स्लोव्हाकिया १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, हंगेरीच्या राज्यात होता. पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य मोडलं, चेक आणि स्लोव्हाक मिळून चेकोस्लोव्हाकिया झाला. १९३९ मध्ये तो फुटला, १९४५ मध्ये पुन्हा जुळला आणि १९९३ मध्ये दोन वेगळे देश झाले. घर तेच, विहीर तीच, चर्चची घंटा तीच. उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकता एखाद्या बाईने आयुष्यात चार राज्यं पाहिली असतील! तेव्हा देश विचारून भागत नाही, भाषा विचारावी लागते. १९१०, १९२० आणि १९३० च्या खानेसुमारीत मातृभाषेचा प्रश्न होता, म्हणून आजींचं काम झालं.

तिसरा कागद नागरिकत्वाच्या अर्जाचा. १९०६ च्या कायद्याने हे अर्ज देशभर एका नमुन्याचे झाले, आणि नागरिकत्व देतानाच नाव बदलून द्यायचा अधिकारही कोर्टाला मिळाला. १९२१ सालच्या त्या अर्जावर सगळं स्वच्छ लिहिलं होतं. मूळ नाव म्लिनार. कोर्टाच्या हुकमाने आजपासून मिलर. बोट ब्रेमेनहून सुटली. घरातल्यांच्या कानावर 'ब्रेमेनहून आले' एवढंच राहिलं, आणि ब्रेमेन जर्मनीत, म्हणून आपण जर्मन! मुंबईहून बोटीत चढलेल्या नागपूरकराला कुणी मुंबईकर म्हणावं, त्यातलाच प्रकार.

"इथवर आले तेव्हा मला खूप आनंद झाला," आजी म्हणाल्या. "पण मग लक्षात आलं, की या अर्जात बाबाचं काहीच नाही. बायकोचं नाव म्हणून नुसतं पहिलं नाव. तिचं माहेर नाही, आडनाव नाही. तिचा स्वतःचा अर्जही नाही."

नसणारच. १९२२ पर्यंत तिथला कायदा असा होता, की नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक. तिला वेगळं विचारायचंच नाही. आणि उलटही होतं. १९०७ च्या कायद्याने अमेरिकेत जन्मलेली बाई परदेशी माणसाशी लग्न करती, तर तिचंच नागरिकत्व जायचं! १९२२ मध्ये कायदा बदलू लागला. हंगेरीत तर रीतच अशी, की नवऱ्याच्या पूर्ण नावापुढे 'ने' जोडलं की झालं बायकोचं नाव. मोल्नार यानोशची बायको मोल्नार यानोशने. तिचं स्वतःचं पहिलं नावदेखील उरत नाही.

ते ऐकून आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागलो. माझ्या पदवीच्या कागदावर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. त्या दोन बाया एकच आहेत हे पटवायला मी किती खेटे घातलेत ते मलाच ठाऊक. ताईचं तर पहिलं नावही लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरले, भावोजींनी अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हा आम्हांला त्यात कौतुकच वाटलं होतं.

आजी मग आम्हांला बाहेर एका मुलीच्या पुतळ्यापाशी घेऊन गेल्या... नाही, चुकले, पुतळा आतच आहे, पण भोवती एवढी गर्दी होती, की मला बाहेरच वाटलं! टोपी सावरणारी ती मुलगी म्हणजे ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी हे ठाणं उघडलं, तेव्हा पहिली नोंद तिची झाली. आयर्लंडहून दोन धाकट्या भावांना घेऊन आलेली सतरा वर्षांची पोर. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं बक्षीस मिळालं. पुढे तिचं काय झालं? कितीतरी वर्षं सगळे सांगायचे, की ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये अपघातात वारली. २००६ साली शोध लागला, की ती टेक्सासची बाई निराळीच, अमेरिकेतच जन्मलेली. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती. इथेच, गरीब वस्तीत, जर्मन घराण्यातल्या शायर आडनावाच्या माणसाशी तिने संसार केला. बरीच मुलं झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. १९२४ मध्ये ती वारली, आणि २००८ पर्यंत तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता.

म्हणजे बघा, जिच्या नावाची सगळ्या देशात आठवण काढायचे, ती त्याच शहरात 'मिसेस शायर' म्हणून जगली आणि गेली. लग्न झालं आणि माग लागेना. मूर शोधणाऱ्यांना शायर कशी सापडणार?

"म्हणून मी बाबाला सोडायचं नाही असं ठरवलं," आजी म्हणाल्या.

१९०९ च्या बोटीच्या यादीत बाबा सापडली. नवऱ्याच्या मागून दोन वर्षांनी, तीन वर्षांच्या मुलाला घेऊन एकटी आलेली. १९०७ पासून या याद्यांत जन्मगाव आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायची सोय झाली होती. त्या रकान्यात तिच्या वडिलांचं नाव होतं. वडिलांचं आडनाव, म्हणजेच तिचं माहेर! पण गावाचं नाव नकाशात मिळेना. कारण १८९८ च्या कायद्याने हंगेरी सरकारने गावांना हंगेरियन नावं द्यायला घेतली होती, आणि ती नावं पुढे चेकोस्लोव्हाकियात पुसली गेली. माणसांसारखीच गावांचीही नावं बदललेली! जुन्या-नव्या नावांच्या कोशावरून शेवटी पूर्व स्लोव्हाकियातल्या शारिश भागातलं एक खेडं सापडलं. तिथल्या चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो युटा राज्यातल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी घेऊन ठेवले आहेत आणि ते संगणकावर बघता येतात. त्या वहीत बाबाच्या बारशाची नोंद होती. वडिलांचं नाव, आणि आईचं माहेरच्या आडनावासकट नाव. तिथल्या पाद्र्यांची ही एक पद्धत फार चांगली.

आजींनी ते पान छापून आणलं होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "साठ वर्षं मी नाताळला बोबाल्की करते आहे. आता ठाऊक झालं, की मी कुणाच्या हातच्या करते."

परतीच्या बोटीत भाचीने त्यांना विचारलं, "आजी, मग तुम्ही आता म्लिनार लावणार?"

"छे गं! मिलर हे नाव त्यांनी पसंत केलं, कोर्टात जाऊन घेतलं, त्यावर चार पिढ्या वाढल्या. तेही खरंच आहे. बदललं तर बदललं. पण बदललं होतं, हे विसरू नये. विसरलं की मुलं चुकीचा झेंडा रंगवतात."

भाची त्यावर काही बोलली नाही. पण सोमवारी शाळेत न्यायचा कागद तिने रविवारी रात्री टेबलावर ठेवला होता, तो मी पाहिला. वर तिचं पूर्ण नाव, जोडाक्षरासकट, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत तीन तुकडे पाडून, कसं म्हणायचं ते दाखवून. मैत्रिणी हाक मारतात ते छोटं नावही शेवटी कंसात होतं. ताई काही म्हणणार होती, मी तिला डोळ्यांनी खुणावलं. राहू दे की तेही!

आपल्याकडे एक बरं आहे, असं मला वाटत होतं. आपली कितीतरी आडनावं गावावरून पडलेली. कोकणातले बेने इस्रायल ज्यू इस्रायलला जाऊन राहिले, तरी पेणकर, रोहेकर, किहीमकर ही नावं आपापलं गाव सांगतात. त्यामुळे आपल्याला असा शोध घ्यायची वेळ येणार नाही, अशा समाधानात मी घरी परतले.

पण घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला फोन लावला आणि सहज विचारलं, "आई, आजीचं माहेरचं पूर्ण नाव काय गं?" आईने आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. पहिलं नाव विचारलं, तर म्हणाली, "अगं, ते लग्नात बदललं होतं ना. आम्हांला तिचं सासरचंच नाव माहीत. आधीचं... कधी विचारलंच नाही बघ."

मला त्या मेजाजवळच्या आजी आठवल्या. कुठलं एलिस बेट, कुठला स्लोव्हाकिया! माझी स्वतःची आजी, जिच्या मांडीवर मी वाढले, तिला तिच्या आईने काय म्हणून हाक मारली, ते मला ठाऊक नव्हतं. आणि तिच्यासाठी ना बोटीची यादी, ना चर्चची वही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत वडील-आजोबांची नावं मिळतील, पण आजीचं लहानपणीचं नाव कुठे शोधायचं?

आईने मग हट्टाला पेटून तिच्या एका मामेबहिणीला फोन लावला. त्या नव्वदीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येतं. चार वेळा ओरडून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हां हां, आत्याबाईंना आमची आजी त्या नावाने हाक मारायची खरी." आणि त्यांनी नाव सांगितलं. साधंच, जुन्या वळणाचं, हल्ली कुणी ठेवणार नाही असं. आई फोनवर ते दोनदा म्हणाली आणि गप्प झाली. मीही गप्प झाले.

ते नाव मी इथे लिहीत नाही, ते घरातलं आहे. पण एक दोनशेपानी वही आणून पहिल्या पानावर लिहिलं आहे. प्रत्येकीसाठी चार रकाने पाडले आहेत. माहेरचं नाव, सासरचं नाव, आईचं माहेर, आणि तिच्या हातचा एक पदार्थ. तुम्हीही या दिवाळीत फराळ करता करता घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा. वहीला फार पैसे पडत नाहीत. ज्यांना आठवतंय, त्या बसल्या आहेत तोवर तेवढं करून घ्या.